कुसुमताई आणि माझी गंजुली

आदरणीय कुसुमताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरव अंकात मी लिहावं, असं समितीनं कळवलं तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत. वलगावला माझा मळा आहे. वांगी, मिरची असा भाजीपाला पिकवायचा आणि अमरावतीच्या बाजारात न्यायचा, यातच आयुष्य गेलं. अंकात प्राध्यापक लिहिणार, वकील लिहिणार. त्यांच्यात माझं काय वाचलं जाईल, कोण हसेल, एखाद्याचा मान राहून गेला तर काय, अशा शंका येतात. त्यात समितीच्या साहेबांनी फोनवर बजावलं की ताईंच्या सामाजिक कार्यावर लिहा, भाजी-आमटीचं नको, अंकाची उंची राहिली पाहिजे. मी हो म्हणून फोन ठेवला.

तो हो मी परत घेत आहे. या लेखात कांदा आहे, बेसन आहे, फोडणी आहे. ते कापायचं असेल तर समितीनं माझा सगळा लेखच कापावा. ताईंच्या कार्यातून स्वयंपाक वजा केला तर खाली काय उरतं, ते साहेबांनी मला सांगावं. माझ्यापुरतं विचाराल, तर मी वलगावात उरत नाही.

ताईंची पहिली ओळख झाली ती अंजनगाव सुर्जीच्या पुढे एका मारुतीच्या देवळात. माझ्या साडूचा नवस होता आणि रोडग्यांची पंगत होती. आमच्याकडे रोडग्यांचा स्वयंपाक पुरुष करतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे, वरण शिजवायचं आणि मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वांग्याची भाजी करायची. बायांनी त्या दिवशी झाडाखाली बसायचं. गंजावर मी होतो. आसपास कुठंही पंगत असली की भाजीसाठी मलाच बोलावणं येई. मिठाची मूठ मी अंदाजानं टाकत असे आणि ती चुकत नसे.

अकोल्याच्या जुन्या शहरातून काही बाया आल्या होत्या, त्यांत कुसुमताई होत्या. जुन्या शहरात त्यांचं फुलांच्या हारांचं दुकान. जेवणं झाल्यावर त्या सरळ गंजाजवळ आल्या. भाजीची तारीफ केली, खोबरं भाजून घातलं की कच्चं ते विचारलं. मी सांगितलं. मग घरी चार माणसांची भाजी करताना मसाला किती घेता, असं त्यांनी विचारलं. मला हसू आलं. घरी मी पाण्याचा गिलाससुद्धा हातानं घेत नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"मंग तुमाले सैपाक येत नाही, भाऊ," ताई म्हणाल्या. "तुमाले गाव जेवू घालता येते. सैपाक येगळा."

चारचौघांत बोलल्यामुळे मला राग आला. माझी पत्नी शेवंता मात्र पदर तोंडाला लावून हसली, आणि निघताना त्यांचा नंबर घेऊन आली. बसमध्ये मी तोंड फुगवून बसलो होतो. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली की बाई काही खोटं बोलली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताईंचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्याचं नाव 'आज काय केलं'. रोज सकाळी हार गुंफता गुंफता ताई स्वतःच्या आवाजात एक पदार्थ सांगतात. घरात जे असेल त्यातून होणारा, सोपा. कधी चून म्हणजे पिठलं, कधी ताकाची कढी, कधी बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात. पाहुणे येणार असतील तर पालक टाकून डाळभाजी. दुपारपर्यंत लोक आपापल्या ताटाचे फोटो टाकतात. फोटोसाठी ताट सजवणं ताईंना चालत नाही. एका बाईंनी काकडीची फुलं कापून भाताभोवती लावली होती. ताईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "फुलं लावता लावता भात थंडा झाला असंन ना? फुलं विकाले मी बसली हाय, तुमी जेवा." त्या बाई रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उष्ट्या ताटाचा फोटो टाकला. ताईंनी त्यांना शाबासकी दिली.

शेवंता त्या ग्रुपमध्ये होती. गेल्या दिवाळीच्या आगेमागे ती गेली. दुखणं फार दिवस चाललं नाही. तेरवीपर्यंत भावकीतून आणि शेजारून डबे आले, नंतर ते थांबले. रिवाजच तसा आहे, कुणाला बोल नाही. मुलगा प्रमोद पुण्याला नोकरीत आहे. त्याचं म्हणणं असं की मळा बटाईनं द्यावा आणि मी त्याच्याकडे राहायला यावं. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण मला जायचं नव्हतं. विहिरीची मोटर कोण पाहील, वांग्यावर कीड पडली तर बटाईदार वेळेवर फवारेल का, बंद घरात घुशी शिरतात, अशी कारणं मी सांगत राहिलो. ती सगळी त्यानं खोडली. उलट त्यानं एकच विचारलं, बाबा, तुम्ही खाणार काय. अक्षय तृतीयेला, आमच्या आखाजीला, तिच्या नावाची घागर या घरात भरू आणि मग जाऊ, एवढी मुदत मी मागून घेतली.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. तुरीचं वरण लावलं. हाताला गंजाची सवय, मीठ मुठीनंच पडलं. ते वरण मी म्हशीपुढे ठेवलं तर तिनंही तोंड फिरवलं. गाव जेवू घालणारा माणूस स्वतःच्या घरात बिस्किटं चहात बुडवून दिवस काढत होता. ज्यांनी माझ्या हातची भाजी बोटं चाटून खाल्ली त्यांना हे सांगायची सोय नव्हती.

शेवंताचा मोबाइल मी बंद केला नव्हता. रोज चार्जिंगला लावत असे, आणि वायर गरम होते का म्हणून मधूनमधून हात लावून पाहत असे. सकाळी त्यात ताईंचा आवाज येई, "काय करून राहिल्या बायांनो आज?" मी ऐकत बसे. असंच एकदा ऐकताना बोट कुठंतरी दाबलं गेलं, आणि माझा खोकला आणि "हे बंद कसं करतेत बाप्पा" एवढं माझं बोलणं सगळ्या ग्रुपवर गेलं. गेलेल्या बाईच्या नंबरावरून बाप्याचा आवाज आलेला ऐकून लोक काय समजतील?

थोड्या वेळानं ताईंचाच फोन आला. शेवंताचं त्यांना कळलं होतं. त्यांनी सांत्वनाचं काही बोलणं केलं नाही.

"नामदेवभाऊ, जेवले का?"

चहा-बिस्किट झालं, असं मी म्हणालो.

"घरातली सगळ्यात लहान गंजुली काढा."

आमच्याकडे लहान पातेल्याला गंजुली म्हणतात. शेवंता तीत विरजणाचं दूध कोमट करायची. एवढ्याशा भांड्यात काय होणार, असं मी म्हणालो.

"एका माणसाचं होते," ताई म्हणाल्या. "आन् मीठ मुठीनं टाकू नोका. तुमची मूठ गावाची हाय. चमचा घ्या."

फोन चालू ठेवून त्यांनी माझ्याकडून चून करवून घेतलं. समितीच्या साहेबांना आवडो न आवडो, ते इथं लिहितो, कारण हा अंक कुणा एकट्या माणसाच्या घरी गेला तर त्याला उपयोगी पडेल. एक कांदा बारीक चिरायचा. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, मऊ होऊ द्यायचा. हळद, आणि कपभर पाणी. पाण्याला उकळी आली की मीठ घालून चव पाहायची, म्हणजे चूक तिथंच सापडते. मग एका हातानं बेसन भुरभुरायचं आणि दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. गुठळी झाली तर घाबरायचं नाही, तीही शिजते. झाकण ठेवून एक वाफ, वरून सांभार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. भाकर येत नसेल तर पोळी विकत घ्यावी, त्यात लाज नाही. गॅसचं बटण बंद केलं का ते परत पाहावं. हे शेवटचं माझं आहे, ताईंचं नाही.

त्या दिवशी मी गरम जेवलो.

पुढं रोज फोन. भाकर थापताना फाटे, तर ताई म्हणत, फाटलेली भाकर पोटात जाऊन जुळते. भावकीतले एक काका ओट्यावर येऊन बसत आणि मी कांदा चिरत असलो की म्हणत, "काय नामदेव, लुगडं केव्हा घेतं?" मी ताईंना हे सांगितलं. ताईंनी विचारलं की ते काका देवळात पंगतीला कणीक तिंबतात का. मी म्हणालो, तिंबतात. तिथं लुगडं नेसून तिंबतात का ते विचारजा, ताई म्हणाल्या. मी विचारलं. काका तेव्हापासून ओट्यावर बसले तरी स्वयंपाकाबद्दल बोलत नाहीत, उलट वास कशाचा येतो ते पाहतात.

एका माणसाच्या मापाचं ताईंना इतकं बारीक कसं कळतं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते इथं लिहायची परवानगी मी मागून घेतली आहे. त्यांचे यजमान गेले, लेक लग्न होऊन पुण्याला गेली, दीर वेगळे झाले. भरल्या घराचा स्वयंपाक केलेला हात एकटा पडला. "मले तरी कुठं येत होता एका माणसाचा सैपाक? रोज गंजभर करो आन् रोज फेको. मंग करनंच सोडून देल्लं." चहा आणि मुरमुऱ्यांवर त्या राहिल्या. एक दिवस दुकानात हार ओवताना चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा शेजारच्या दुकानदारांत बोलणं चाललं होतं की बाईला आता लेकीकडे पाठवली पाहिजे. ताईंनी उठून बसत त्यांना सांगितलं की मला भूक लागली आहे, दुसरं काही झालेलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी बाजारातून लहानसं भांडं आणलं. या ग्रुपची सुरुवात तिथं आहे. समितीच्या पत्रिकेत याला 'छंद' म्हटलं आहे. ज्यांच्या घरी आयतं ताट येतं त्यांना तो छंद दिसतो. माझी त्यांना विनंती आहे की हा शब्द पत्रिकेतून काढावा.

ताईंच्या घरीही मी जाऊन आलो आहे. संक्रांतीच्या सुमारास त्यांनी ग्रुपमधल्या आम्हा काही लोकांना अकोल्याला जेवायला बोलावलं होतं. जेवायला गोळाभात, कढी, ठेचा. भाताची हंडी, कढीचं पातेलं सगळं मध्ये आणून ठेवलं आणि ताई आमच्याबरोबरच ताट घेऊन बसल्या. एक निवृत्त कंडक्टर आले होते, त्यांनी सवयीनं हाक दिली की कढी गरम आणा. ताईंनी घास न थांबवता पातेल्याकडे बोट केलं. "ते काय पातेलं हाय, तो काय गॅस हाय. तुमी गरम करा, मलेही वाढा." कंडक्टर उठले. कढी उतू जाईपर्यंत शेजारी उभे राहिले, पण सगळ्यांना वाढली. पाहुण्यांसाठी काय करावं याबद्दल ताईंचं मत तेव्हा कळलं. करणाऱ्यालाही त्याच पंगतीत गरम जेवता येईल असाच पदार्थ करावा. ज्या पक्वान्नापायी घरची बाई शेवटी थंड खाते, ते कितीही चांगलं असो, त्यांच्या यादीत बसत नाही.

आखाजी जवळ आली तशी माझी काळजी वाढली. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. पुरणपोळी मला येत नव्हती, आजही येत नाही. ताईंना फोन करून मी तसं सांगितलं. त्यांनी विचारलं की शेवंताला माझ्या हातचं काय आवडे. मी आठवू लागलो. घरी मी तिला काही करून घातलंच नव्हतं. तिनं माझ्या हातचं खाल्लं असेल तर पंगतीतली वांग्याची भाजी. मग तीच करा, ताई म्हणाल्या. काकांनी ऐकलं आणि म्हणाले की नैवेद्याला वांगं चालत नाही. मी परत फोन केला.

"जिले जेवू घालून राहिले तिले चालत होतं ना?" ताईंनी विचारलं. "मंग काकायले इचारता कायले?"

प्रमोद सकाळीच गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर माझ्या सामानासाठी जागा करून ठेवली होती. सुनेनं अमरावतीच्या हॉटेलातून जेवणाचे डबे बांधून आणले होते, कारण घरात काही असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ताईही पहिल्या बसनं अकोल्याहून आल्या. येताना शेवंतासाठी मोगऱ्याचा हार आणला. स्वयंपाकघरात मात्र आल्या नाहीत, ओसरीवर बसून राहिल्या. मी मळ्यातली सकाळी तोडलेली वांगी चिरली, आलू चिरले. खोबरं, तीळ, शेंगदाणे भाजून वाटले. मीठ चमच्यानं घातलं. भाजीला तर्री सुटली तेव्हा तो गंजातलाच वास घरात भरला आणि सून आत येऊन पाहून गेली. घागर भरली, नैवेद्य दाखवला, आणि आम्ही बसलो. डबे कुणी उघडले नाहीत.

प्रमोद मान खाली घालून जेवला. जेवण झाल्यावर हात पुसत ताईंना म्हणाला, "मावशी, तुमचं बाबा ऐकतात. आज सण आहे म्हणून जमलं. रोजचं काय? त्यांना सांगा ना."

मी भाजीचं भांडं हातात घेऊन उभा होतो. ताई काय म्हणतील याची मला धास्ती होती, कारण त्यांनी जा म्हटलं असतं तर मी गेलो असतो.

ताईंनी त्याला जवळ बसवलं. "बाप तुह्या घरी येईन ना बाबू. काहून नाही येणार? पण भुकेपायी नाही येणार. मायेपायी येईन, चार दिवस राहीन, तुले भाजी करून घालीन, आन् आपल्या घरी परत येईन. भुकेपायी कोनाच्या घरी गेलेला मानूस मंग कधी मोठ्यानं बोलत नाही."

प्रमोदनं माझ्याकडे वळून विचारलं की गॅस रोज बंद करता का. मी म्हणालो, दोनदा पाहतो. संध्याकाळी गाडी गेली तेव्हा मागच्या सीटवर वांग्याचं पोतं होतं. डबेही त्यानं परत नेले. मी आषाढात पुण्याला जाऊन आलो, भाजी करून घातली, आणि परत आलो.

ताईंच्या वागण्यातली तत्त्वं वगैरे सांगायला मला जमणार नाही. एवढं सांगतो की आमच्या जिल्ह्यात आणि अकोल्यात माझ्यासारखी कितीतरी माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसलेली आहेत, कारण रोज सकाळी एक बाई त्यांना विचारते, काय करून राहिले. हे सामाजिक कार्य नसेल तर समितीनं त्याचा अर्थ मला समजावून सांगावा.

आता जे लिहितो ते लिहू की नको, याचा मी फार विचार केला. ताईंच्या घरातही सध्या तेच बोलणं चालू आहे. लेकीचं म्हणणं आहे की पंचाहत्तरी झाली, दुकान सोडावं, पुण्याला यावं. सत्काराच्या पत्रिकेत तर छापलंच आहे की ताई आता 'विश्रांतीचे जीवन' जगणार आहेत. ताई याबद्दल कुणाशी बोललेल्या नाहीत. गेल्या आठवड्यात मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "पाहू बाप्पा, लेक रडते." सगळ्यांना उत्तर देणाऱ्या ताईंकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. म्हणून सर्वांसमोर, मानाने आणि हात जोडून, मी त्यांचंच उत्तर त्यांना परत देतो. ताई, लेकीकडे जरूर जा. मायेपायी जा, तिला गोळाभात करून घाला, तिचं रडू थांबलं की परत या. तुम्हाला भूक लागलेली नाही. तुमची गंजुली तुमच्याजवळ आहे.

सत्काराच्या दिवशी केटरर सांगितला आहे असं ऐकतो. तो रद्द करावा. त्या दिवशी गंज माझ्याकडे राहील, रोडग्यांना काका येत आहेत, कढी गरम करायला कंडक्टरसाहेब आहेत. ताईंनी फक्त पंगतीत बसायचं आहे. मूठ अजून गावाची आहे, पण आता मी आधी चव पाहतो. तरी मीठ कमीजास्त झालं तर ताईंनी चारचौघांत मोठ्यानं सांगावं. पंचाहत्तरीला सांगावं, ऐंशीला सांगावं, शंभरीच्या पंगतीतही सांगावं. तोपर्यंत मारुतीराया त्यांचे दात, त्यांचा आवाज आणि त्यांची भूक शाबूत ठेवो. मी गंजावर असेनच. माझ्या मुलानं किंवा ताईंच्या लेकीनं न्यायला गाडी आणली तर गाडीला जेवण होईपर्यंत थांबायला सांगू.